तोडीची मुदत आणि धुऱ्यावरचा साग

मेहकर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर सागाची वीस-पंचवीस झाडे उभी असतील, तर ती त्याचीच आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे धारकाच्या जमिनीतील झाडांचा हक्क, काही अपवाद सोडता, धारकाकडेच असतो. पण झाड आपले असणे वेगळे आणि ते तोडता येणे वेगळे. तोडायचे म्हटले की १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम आडवा येतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन, ऐन, अंजन अशी नावे आहेत. यांपैकी झाड स्वतःच्या वावरात असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. परवानगी मिळते तेव्हा तिच्यावर मुदतीची तारीख असते, आणि त्या तारखेनंतर तेच झाड तोडणे पुन्हा गुन्हा ठरतो.

ही मुदत वाढवून मिळावी, अशी मागणी शेतकरी करतात आणि लाकडाचे व्यापारीही करतात. वनखात्याला तिची धास्ती वाटते, झाडांवर प्रेम करणाऱ्यांना तिचा राग येतो. या चौघांचीही बाजू मला कळते. तरी माझे म्हणणे स्पष्ट आहे: मुदत वाढवून द्यावी, सढळ हाताने द्यावी, पण ज्याने झाड वाढवले त्यालाच द्यावी. आज मुदतवाढ मिळते ती कागदाला, आणि कागद ज्याच्या हातात असतो त्याचा तिच्यावर ताबा असतो. बहुतेक वेळा तो हात शेतकऱ्याचा नसतो.

परवानगीचे हे काम, ज्याला विदर्भात सगळे ‘मालकी प्रकरण’ म्हणतात, कसे चालते ते आधी पाहू. सातबारावर झाडांची नोंद हवी. नोंद नसेल तर तलाठ्याकडे खेटे आले. रान जवळ असेल तर हद्दीचा प्रश्न निघतो, आणि मग भूमी अभिलेखाच्या मोजणीशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. त्यानंतर वनपाल, वनरक्षक जागेवर येतात, झाडांचा छातीच्या उंचीवर घेर मोजतात, क्रमांक टाकतात, हातोड्याचा ठसा उमटतो. मग आदेश. तोड झाल्यावर खुंटांची तपासणी, लाकडाची मोजमाप यादी आणि शेवटी वाहतूक परवाना. तो हाती आल्याशिवाय लाकूड भरलेली गाडी वावराबाहेर पडू शकत नाही. यातल्या प्रत्येक टप्प्याला कारण आहे, आणि त्यातला एकही मला निरर्थक वाटत नाही. सागाच्या लाकडाला पैसा आहे. सरकारी रानातला साग खाजगी म्हणून बाजारात येऊ नये यासाठी एवढी साखळी हवीच. पण या साखळीत वेळ कुठे जातो आणि मुदतीचे घड्याळ कधी सुरू होते, याचा मेळ कोणी घातलेला नाही.

मेहकरचे वावर कसे चालते ते आठवा. जूनमध्ये पाऊस पडला की काळी माती पायाला चिकटते, बंडी रुतते, ट्रकचा तर विषयच नाही. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत उभे असते. त्यात तुरीच्या ओळी असल्या तर त्या जानेवारीपर्यंत राहतात. सोयाबीन निघते न निघते तोच हरभरा पेरला जातो आणि तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत जागा सोडत नाही. कपाशी असेल तर शेवटची वेचणी होईपर्यंत वावर मोकळे होत नाही. धुऱ्यावरचे झाड पाडायचे तर ते पिकात पडणार, ओंडके ओढायचे तर पिकातून ओढावे लागणार, आणि पांदण रस्ता शेजाऱ्याच्या वावराला लागून असेल तर त्याचेही पीक तुडवले जाणार. म्हणजे लाकूड काढायला खरा मोकळा काळ मार्च ते मे, फार तर मृगाच्या आधीचे चार दिवस. आता सप्टेंबरात आदेश निघाला आणि मुदत थोड्या महिन्यांची असली, तर त्या मुदतीचा बहुतेक भाग उभ्या पिकात जातो. कागदावर वेळ दिलेला असतो, जमिनीवर तो मिळत नाही. एप्रिलमध्ये वावर मोकळे होते तेव्हा परवानगी संपलेली असते.

शेतकऱ्यापुढे मग तीन वाटा उरतात: उभ्या पिकात तोड करायची, मुदतवाढीसाठी पुन्हा कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या, किंवा तारीख उलटून गेल्यावर गुपचूप तोडायचे. पहिलीत हरभरा जातो, दुसरीत दिवस जातात, तिसरीत माणूस गुन्हेगार होतो. यापैकी कोणत्याही वाटेने गेले तरी झाडाचे काहीच भले होत नाही. म्हणून पहिली सुधारणा साधी आहे. मुदत महिन्यांत मोजण्याऐवजी हंगामात मोजा. प्रत्येक परवानगीत उन्हाळ्याचा एक पूर्ण मोकळा काळ आलाच पाहिजे, आणि मुदत आदेशावरच्या तारखेपासून न धरता झाडांवर हातोडा पडला आणि आदेशाची प्रत शेतकऱ्याच्या हातात पोहोचली, त्या दिवसापासून धरली पाहिजे. एवढे झाले तरी मुदतवाढीचे निम्मे अर्ज येणारच नाहीत, अशी माझी खात्री आहे.

उरलेल्या निम्म्यांचा प्रश्न मात्र हंगामाचा नाही, भावाचा आहे. आणि इथेच खरी गुंतागुंत सुरू होते.

सागाची दहा-वीस झाडे असलेला शेतकरी सहसा स्वतः मालकी प्रकरण करत नाही. त्याला कार्यालयांची माहिती नसते, फेऱ्या मारायला वेळ नसतो, आणि पैशाची गरज मात्र तातडीची असते: मुलीचे लग्न, पोराची फी, दवाखाना, बँकेचा हप्ता. व्यापारी वावरात येतो, उभी झाडे पाहतो, अंदाजाने घनफूट लावतो आणि सौदा ठरवतो. इसार दिला जातो. कागद करून घेण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर, त्यासाठी मुखत्यारपत्रावर किंवा कोऱ्या अर्जांवर सह्या. पुढे मालकी प्रकरण व्यापारीच चालवतो. बाकी रक्कम तोड झाल्यावर किंवा माल उचलल्यावर द्यायची असते. या व्यवहारात मुदत आखूड असली तर व्यापारी म्हणतो, ‘तारीख संपत आली, आता घाई आहे, हा भाव घ्या, नाहीतर मालकी प्रकरण बुडाले’. मुदत लांबली तर तो काही म्हणत नाही, थांबतो. लाकडाचा भाव चढला तर तोडतो, पडला तर आणखी मुदतवाढ मागतो. इसार देऊन त्याने झाडे अडवून ठेवलेली असतात. शेतकऱ्याला मात्र जुन्या भावाने बांधलेले असते. वाढलेल्या काळात झाड जाड झाले तरी तो फायदा त्याच्या हाती येत नाही.

म्हणून ‘मुदत आखूड ठेवा, शेतकऱ्याचे रक्षण होईल’ हा युक्तिवाद जितका चुकीचा, तितकाच ‘मुदत लांबवा, शेतकऱ्याला मोकळीक मिळेल’ हाही चुकीचा. मुदत म्हणजे थांबण्याची ताकद. ती ज्याच्या हाती, भावही त्याच्याच हाती. आखूड मुदतीत ती कोणाच्याच हाती नसते, म्हणून घाईचा तोटा दुबळ्याला होतो. लांब मुदतीत ती कागद धरणाऱ्याच्या हाती जाते.

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या शेवटी लाकूड कंपन्यांनी सरकारी जंगलातल्या तोडीसाठी चढाओढीने बोली लावल्या. करार कित्येक वर्षांचे होते आणि पैसे मुख्यतः लाकूड काढताना द्यायचे होते. भाव चढतच जाणार या हिशेबाने कंपन्यांनी तोड लांबवली. मग व्याजदर भडकले, घरबांधणी थंडावली, लाकडाचा भाव कोसळला. कंपन्या सरकारकडे धावल्या. १९८३ मध्ये त्यांना पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि १९८४ मध्ये थेट कायदा करून काही रक्कम भरून करारातून सुटण्याची वाट दिली गेली. नंतर तिथल्या वनखात्याने नियम बदलले: आधी ठोस अनामत आणि मुदतीच्या आत टप्प्याटप्प्याने रक्कम भरण्याची सक्ती. धडा उघड होता. खरेदीदाराला थांबण्याची किंमत मोजावी लागत नसेल, तर मुदतवाढ ही त्याची सट्ट्याची सोय होते. मेहकरच्या शेतकऱ्याला हे सांगायला अमेरिकेची गरज नाही; पण नियम लिहिणाऱ्यांना आहे, कारण तिथे ज्या चुकीसाठी सरकारने पैसा मोजला, त्याच चुकीसाठी इथे शेतकरी मोजतो.

उलट बाजूचे उदाहरण इंडोनेशियाचे. तिथे सत्तरच्या दशकात जंगलतोडीच्या सवलती २० वर्षांसाठी दिल्या गेल्या, आणि निवडक तोडीच्या पद्धतीप्रमाणे एकाच जागी दुसऱ्यांदा तोड ३५ वर्षांनी करायची होती. म्हणजे ज्या कंपनीने पहिली तोड केली, ती दुसऱ्या तोडीच्या वेळी तिथे असणारच नव्हती. तिने जपून तोड करावी असे तिला का वाटावे? रान ओरबाडले गेले. तेव्हा मुदत झाडाच्या आयुष्याशी जुळली नाही तर आखूडपणाही घातक ठरतो. आणि मुदत लांब असूनही किंमत गोठलेली असेल तर काय होते, हे शेजारच्या कर्नाटकातल्या दांडेलीने दाखवले आहे. उत्तर कन्नडातल्या तिथल्या कागद कारखान्याला टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने सरकारी बांबू मिळत होता, आणि बुरूडकाम करणाऱ्या गरिबांना तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागत होता. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी हा विरोधाभास वारंवार मांडला. स्वस्त आणि हमखास मिळणाऱ्या वस्तूची कोणाला कदर राहत नाही. बांबूची बेटे खलास झाली.

या सगळ्यातून मला मेहकरसाठी एकच नियम सुचतो, आणि तो नियमात लेखी हवा. तोडीच्या परवानगीला मुदतवाढ मागण्याचा अधिकार फक्त झाडाच्या मालकाला असावा. मुखत्यारपत्रावर तो चालू नये. अर्जावर त्याची त्या दिवशीची सही हवी, शक्यतो गावातल्या पंचांसमोर. आणि मुदतवाढ मिळाली की जुना सौदा आपोआप बांधील राहू नये. नवा भाव ठरावा, किंवा शेतकऱ्याने इसार परत करून मोकळे व्हावे. व्यापाऱ्याला हे जाचक वाटेल. पण त्याला आज मिळते ती मोकळीक दुसऱ्याच्या झाडाच्या जिवावरची आहे. शिवाय जो व्यापारी प्रामाणिक आहे, वेळेत तोड करतो आणि वेळेत पैसे देतो, त्याला या नियमाने काही तोटा नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. आदिवासी खातेदारांची झाडे व्यापारी कवडीमोलाने घेत, म्हणून १९६९ मध्ये अनुसूचित जमातींच्या भोगवटादारांच्या झाडविक्रीचे नियमन करणारा वेगळा कायदा झाला. झाड कोणाचे हे सांगून भागत नाही, विक्रीच्या वेळी दुबळ्या बाजूला आधार लागतो, हे त्या कायद्याने मान्य केले. मेहकरचा कोरडवाहू शेतकरी आदिवासी नसेल, पण सागाच्या सौद्यात तोही दुबळ्या बाजूलाच बसलेला असतो.

आता वनखात्याच्या धास्तीकडे. ती खोटी नाही. मुदत जितकी लांब, तितका जुना कागद फिरत राहतो, आणि जुन्या कागदावर नवे लाकूड बाहेर काढण्याचा धोका वाढतो. मेहकर तालुक्यात घाटबोरीकडे सागाचे सरकारी रान आहे. त्या रानालगतच्या एखाद्या वावरात तीस झाडांची परवानगी असेल, मुदत वाढत राहिली असेल आणि झाडे तशीच उभी असतील, तर रानातून आणलेले ओंडके त्याच परवानगीखाली गाडीत भरता येतात. एकदा साल सोलली आणि ओंडका आरा गिरणीत गेला की तो कोणत्या मातीत वाढला हे सांगायला कोणी उरत नाही. बीटवरच्या वनरक्षकाला रोज प्रत्येक खुंट बघणे शक्य नाही, आणि चोरी झाल्यावर जाब मात्र त्यालाच विचारला जातो. त्याने मुदतवाढीच्या विरोधात मत दिले तर मी त्याला दोष देणार नाही.

पण हा धोका तोडीच्या मुदतीमुळे येत नाही, वाहतुकीच्या मुदतीमुळे येतो, आणि इथे दोन वेगळी घड्याळे एकत्र झाली आहेत. तोडीची परवानगी उभ्या झाडाला लागू आहे: त्या झाडाला क्रमांक आहे, घेराची नोंद आहे, ते जागेवरून हलत नाही. ती परवानगी लांबली तरी झाड तिथेच असते आणि कोणीही जाऊन मोजू शकतो. वाहतूक परवाना मात्र चालत्या लाकडाला असतो. चोरी लपते ती तिथे. म्हणून तोडीची मुदत लांब ठेवा, वाहतुकीची आखूड आणि कडक ठेवा. मेहकरहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीला जितके तास लागतात त्याच्या जवळपास. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक परवान्याची पद्धत सुरू केली. तिच्यामुळे हे सहज जमण्यासारखे आहे. तोड झाली की खुंटांवर त्याच आठवड्यात ठसा, त्याच आठवड्यात मोजमाप यादी, आणि तोडलेला माल वावरात महिनोन्महिने पडून राहता कामा नये. उभ्या झाडाबाबत धीर धरा, पडलेल्या लाकडाबाबत एक दिवसही नको.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२५ च्या जूनमध्ये शेतजमिनीवरील झाडांच्या तोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले. त्यात लागवडीचीच नोंद करायची कल्पना आहे: जागा, प्रजाती, लागवडीची तारीख, झाडांची संख्या. ही कल्पना मला महत्त्वाची वाटते ती तोड सुलभ होते म्हणून नव्हे. झाड लहान असतानाच त्याची ओळख कागदावर आली, तर वीस-पंचवीस वर्षांनी ते सरकारी रानातले आहे की धुऱ्यावरचे, हा वादच राहत नाही. मग मुदत लांबवण्यात वनखात्याचा जीव टांगणीला लागण्याचे कारण संपते. आज ई-पीक पाहणीत शेतकरी सोयाबीन आणि तूर आपल्याच मोबाईलवरून नोंदवतो. सागाची रोपे तशीच दरवर्षी, फोटोसह नोंदली गेली तर तलाठ्याकडच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

झाडांवर प्रेम करणाऱ्यांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला उत्तर देताना मी शेतकऱ्याच्या बाजूचा असूनही मला थबकावे लागते. ते म्हणतात: परवानगीची मुदत संपणे म्हणजे झाडाला मिळालेली संधी आहे. मधल्या काळात मालकाचे मन बदलेल, कर्ज फिटेल, पैशाची नड दुसरीकडून भागेल, आणि झाड वाचेल. मग मुदतवाढ देऊन ती संधी का हिरावायची? पैनगंगेच्या काठच्या जांभळाबद्दल, गावाच्या वेशीवरच्या दीडशे वर्षांच्या चिंचेबद्दल, आजोबाच्या आजोबाने लावलेल्या आंब्याबद्दल हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्या झाडांखाली गावाची सावली आहे, वटवाघळे आणि घुबडे आहेत, नदीचा काठ धरून ठेवणारी मुळे आहेत. त्यांच्या बाबतीत परवानगी आखूडच असावी, आणि ती संपली तर प्रश्न पुन्हा पहिल्यापासून तपासला जावा.

पण सागाची ओळ ही शेतकऱ्याने लावलेली, वाढवलेली, पुढे विकायच्या हेतूने जपलेली असते. तिचे गणित वेगळे आहे. ती तोडता येणार नाही अशी भीती बसली, तर तो साग लावणारच नाही. आणि वावरात आपोआप उगवलेले सागाचे रोप वखराने उपटून टाकेल, कारण दहा वर्षांनी त्याच्या नावाने कार्यालयात जायची त्याची तयारी नसते. हे घडते, आणि याची नोंद कोणत्याही वृक्षगणनेत होत नाही. २०१४ मध्ये देशाचे कृषिवानिकी धोरण आले, त्यातही शेतातल्या झाडांवरच्या तोड आणि वाहतुकीच्या निर्बंधांना लागवडीच्या आड येणारा मोठा अडथळा मानले गेले आहे. २०१७ मध्ये बांबूबद्दल हे कबूलही झाले: जंगलाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या झाडाच्या व्याख्येतून काढला गेला. १९६४ च्या अनुसूचीचा दोष असा की लागवडीचा साग आणि गावाची जुनी चिंच तिथे एकाच रांगेत उभी आहेत. नियम एक, अर्ज एक, मुदत एक. झाडाचे वय आणि त्याचा हेतू पाहून मुदत ठरली पाहिजे; सागाला लांब आणि सहज वाढणारी, जुन्या आंब्या-चिंचेला आखूड आणि वाढीला कठीण.

मुदतवाढीचा निर्णय हा नवा निर्णय असला पाहिजे, जुन्यावर मारलेला शिक्का नव्हे, हेही मला त्याचबरोबर सांगायचे आहे. मधल्या काळात जमीन बदलते. मेहकरच्या शेजारचे लोणार सरोवर २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेले; तिथल्या परिसरात दहा वर्षांपूर्वी साधी वाटलेली परवानगी आज तशी राहत नाही. नदीचा काठ खचतो, समृद्धी महामार्गाने एखाद्या वावराचे दोन तुकडे होतात आणि उरलेली झाडेच त्या बाजूची एकमेव सावली ठरतात. म्हणून मुदतवाढ देण्याआधी वनरक्षकाने जागेवर एक फेरी मारावी, झाडे क्रमांकाप्रमाणे उभी आहेत की नाही ते पाहावे, आणि परवानगीत बदल्यात झाडे लावण्याची अट असेल तर ती रोपे जगली आहेत का ते तपासावे. जगली नसतील तर मुदतवाढ नाही. शेतकऱ्याच्या हिताचा आग्रह धरूनही मी या अटीत सूट देणार नाही. परंतु ही फेरी ठरलेल्या दिवसांत झाली पाहिजे. अर्ज करूनही उत्तर न येता मुदत संपून जाणे, हा मुदतवाढ नाकारण्याचा सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण त्याला कारण द्यावे लागत नाही आणि त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. मुदत संपण्यापूर्वी अर्ज आला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुनी परवानगी जिवंत मानली जावी.

हा मुद्दा आता जास्त निकडीचा झाला आहे. १९६४ च्या कायद्याखालचा दंड कित्येक वर्षे एक हजार रुपयांपर्यंतच होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो पन्नास हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, आणि कोकणातून त्याला जोरदार विरोध झाला. चर्चा सगळी रकमेवर झाली. मी मोठ्या दंडाच्या विरोधात नाही. रातोरात शेकडो झाडे पाडणाऱ्या टोळीला एक हजार रुपये म्हणजे चहापाणी. पण दंड पन्नासपट करायचा असेल तर मुदतीचे नियम आधी नीट हवेत. नाहीतर टोळी आपल्या वाटेने निघून जाईल, आणि परवानगी असलेला, हातोडा मारून घेतलेला, हरभरा काढून मग तोड करू म्हणून थांबलेला शेतकरी तारखेच्या दोन दिवस पुढे गेला म्हणून त्या दंडाखाली चिरडला जाईल. त्या दोघांना एकाच कलमात बसवणे हा अन्याय आहे. मुदत उलटलेल्या परवानगीवरची तोड आणि परवानगीशिवायची तोड, हे दोन वेगळे अपराध म्हणून कायद्यात लिहिले गेले पाहिजेत.

आणि हे सारे गावाला दिसले पाहिजे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१२ च्या नियमांनी गौण वनोपजाच्या परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. मेहकरच्या खाजगी सागाला वनहक्काचा कायदा लागू नाही, आणि परवाना देण्याचा अधिकार मी ग्रामपंचायतीसाठी मागतही नाही. पण किती झाडांची परवानगी, कोणाच्या गटात, किती मुदतीची, किती वेळा वाढवलेली आणि कोणत्या कारणाने, एवढे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर गावच अर्धी पहारेदारी करेल. कोणाच्या धुऱ्यावर किती साग होता हे गावाला कोणत्याही नोंदवहीपेक्षा चांगले माहीत असते. मेंढ्याने दाखवले ते इतकेच की झाडांवर सर्वांत जवळून नजर ठेवणाऱ्याच्या हाती काही अधिकार गेला तर रान उजाड होत नाही.

शेवटी एका अवघड प्रसंगाबद्दल, ज्याचे उत्तर मला नियमांत दिसत नाही. परवानगी वडिलांच्या नावाने आहे, मुदत चालू आहे, आणि वडील वारले. वारस नोंद व्हायला, फेरफार मंजूर व्हायला महिने लागतात. भावांत वाद असेल तर त्याहून जास्त. मुदत मात्र चालूच राहते. व्यापारी दारात येऊन सांगतो की वडिलांचा इसार घेतलेला आहे, मुदत संपायच्या आत तोड करू द्या, पैशाचे नंतर पाहू. घर दुःखात असते, बहिणींची नावे अजून सातबारावर चढलेली नसतात, आणि झाडे त्यांचीही असतात. अशा वेळी तोड व्हावी की न व्हावी हे ज्याच्या हाती मुदतवाढीचा अर्ज आहे तो ठरवतो, आणि आज तो व्यापारी आहे. माझे मत असे की मालकाच्या मृत्यूच्या दिवशी मुदतीचे घड्याळ थांबावे, तोड थांबावी, आणि फेरफार होऊन सगळ्या वारसांची, बहिणींसकट, सही झाल्यावर उरलेली मुदत पुन्हा सुरू व्हावी. झाडे तेवढे दिवस उभी राहतील. वडिलांनी घेतलेला इसार वारसांनी परत केला तर सौदा मोडला असे समजावे, आणि ती रक्कम जुळवायला त्यांना फेरफारानंतरची एक सुगी तरी मिळावी.